देविकाची रजा

लातूर
गुरुवार, २६ डिसेंबर २०२४

उज्वला,

बुधवार, २५ डिसेंबर २०२४, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटं. पाळक उपदेशाला नुकतेच उभे राहिले होते आणि माझ्या पर्समध्ये फोन थरथरला. चर्चमध्ये फोन उचलणाऱ्या बायकांना मी आजवर नावं ठेवत आले आहे. काल मी स्वतः उचलला, कारण नाव तुझं होतं आणि तुझी नांदेडची गाडी एव्हाना लातूरच्या स्टँडवर लागायला हवी होती.

‘आई, मी ड्यूटीवर आहे. येणार नाही.’

एवढं बोललीस आणि फोन ठेवलास. मागे कुठलं तरी मशीन टूं टूं करत होतं.

वर ‘चि.’ लिहिलेलं नाही आणि आशीर्वादही लिहिलेले नाहीत. विसरले नाही, मुद्दाम गाळले आहेत.

तुला २४ डिसेंबर ते १ जानेवारी अशी नऊ दिवसांची रजा मंजूर होती. हे मला पक्कं माहीत आहे. कसं माहीत, हा प्रश्न इथे गैरलागू आहे. रजा मिळाली नाही म्हणून माणूस कामावर गेला तर मी समजू शकते. पण रजा खिशात असताना जो कामावर जातो, त्याला काम प्रिय नसतं, त्याला घर नको असतं.

घरात काय काय होतं ते ऐक. करंज्यांचे तीन डबे, अनारसे, चिवडा. येशूबाळाच्या गव्हाणीसाठी कडब्याच्या दोन पेंढ्या रेणापूरहून मागवल्या होत्या. प्लॅस्टिकचं गवत मला चालत नाही, तुला माहीत आहे. केकचं मिश्रण घेऊन मी सोमवारी सकाळी साडेसहाला बेकरीच्या भट्टीवर नंबर लावला आणि तीन तास स्टुलावर बसले. भट्टीवाले सिद्धराम म्हणाले, ‘मॅडम, आता तयार केक मिळतो की काउंटरवर. कशाला बेजार होता?’ मी म्हटलं, ‘सिद्धराम, तुमच्या काउंटरवर मिळतो तो पाव असतो, वर साखर थापलेला.’ ते हसले. मीही हसले. तेव्हा मला हसू येत होतं, कारण तू येणार होतीस.

उपासना संपल्यावर पाच जणींनी विचारलं, ‘उज्वला आली नाही का?’ मी सांगितलं, ऐनवेळी इमर्जन्सी आली. नाताळच्या दिवशी, चर्चच्या पायरीवर उभं राहून मला खोटं बोलावं लागलं. त्याला जबाबदार तू आहेस.

आणि एक. ‘तू तरी कुठे नाताळला घरी असायचीस’ हे वाक्य तुझ्या ओठावर आलं असेल तर ते गिळून टाक. मी सरकारी दवाखान्यात बत्तीस वर्षं काढली, त्यातली अकरा मेट्रन म्हणून. मला तेव्हा रजा मिळत नव्हती. तुला मिळाली होती. या दोन्हींत फरक आहे.

मंगळवार, ३१ डिसेंबरपर्यंत तुझा लेखी खुलासा माझ्या हाती पडावा. मोबाइलवरचा मेसेज खुलासा म्हणून धरला जाणार नाही.

शांतम्मा दयानंद भालेराव
निवृत्त अधिसेविका
(आणि तुझी आई)


लातूर
शनिवार, २८ डिसेंबर २०२४

उज्वला,

तुझा मेसेज आला. माझं पत्र तुला अजून पोचलं नसणार, म्हणून या एका वेळेपुरता धरते.

‘लता मॅडमना फोन तू केलास?’

हो, केला. बुधवार, ११ डिसेंबर, दुपारी अडीच वाजता. तुमच्या दवाखान्याच्या नर्सिंगची ती आज मुख्य असेल, पण माझ्याकडे शिकायला आली तेव्हा इंजेक्शन भरताना तिचा हात कापायचा. तो हात धरून मी तिला शिकवलं आहे. तिला फोन करायला मला कुणाची परवानगी लागत नाही.

तुला वाटतं मी तिला दमात घेतलं असेल. झालेलं बोलणं जसंच्या तसं लिहिते.

‘लता, माझी पोरगी नाताळला घरी हवी.’

‘मॅडम, यंदा तिची पाळी नाही. आयसीयूत ती आणि देविका जोडीला आहेत, वर्षाअखेरीला दोघींतल्या एकीलाच सोडता येतं. मागच्या साली उज्वला गेली होती.’

‘मी सत्तरीला आले, लता. आणखी किती नाताळ बघणार?’

‘असं काय बोलून राहिलात मॅडम! तुमचा शब्द मी मोडीन का?’

यात दमदाटी कुठे आहे? सत्तरीला आले म्हटलं, मी सदुसष्टची आहे. तीन वर्षांनी कुणाचं काय बिघडतं?

तू नोव्हेंबरातच सांगितलं होतंस, ‘आई, यंदा देविकाची पाळी आहे. मी चार जानेवारीला येते, तेव्हा आपला नाताळ करू.’ चार जानेवारीला! चार जानेवारीला दारावरची चांदणी उतरवून, कागदात गुंडाळून कपाटात गेलेली असते. हे मी ऐकवल्यावर तू नुसतं ‘बरं’ म्हणालीस, त्या ‘बरं’मागे काय आहे ते ओळखून तुझ्यासाठी मी खटपट केली. दुसऱ्या कुणाची आई एवढं करत नाही.

सणांच्या ड्यूटीची अदलाबदल लातुरात मीच सुरू केली, हेही विसरू नकोस. दिवाळीला ख्रिस्ती आणि मुसलमान मुली उभ्या राहायच्या, नाताळला आणि ईदला हिंदू मुली, चौदा एप्रिलला बौद्ध मुली सोडून आम्ही सगळ्या. पाळी ज्याची त्याची, कुणाचा वशिला नाही. लोक अजून नाव काढतात. नियम माझा, तर एकदा मोडायचा हक्कही माझा, असं मला वाटलं. आता कागदावर वाचताना ते फारसं बरं दिसत नाही, पण खोडाखोड करणं मला शाळेपासून मान्य नाही. राहू दे.

तू फोन उचलत नाहीस म्हणून काल तुझ्या वॉर्डातल्या धम्मदीपला लावला. तो मुलगा निदान मोठ्यांना उत्तर देतो.

‘मावशी, लई वंगाळ झालं बघा,’ तो म्हणाला.

‘काय वंगाळ? एकीची रजा दुसरीला गेली. दवाखान्यात हे रोज होतं.’

‘रोज होतं, पन येळवस रोज येत न्हाई ना, मावशी.’

येळवस माझ्या डोक्यातच नव्हती. आपण ख्रिस्ती असलो तरी दर वेळ अमावस्येला कुणा ना कुणाच्या शेतात भज्जी आणि आंबील खाऊन आलोय. त्या दिवशी लातूर ओस पडतं, कुलूप नसलेलं दार सापडत नाही. तरी मी देविकाच्या रजेच्या नऊ दिवसांत येळवस पडते का हे पाहिलं नाही. मी फक्त पंचवीस तारीख पाहिली.

धम्मदीपनं बाकीचं सांगितलं. देविकाची पाच वर्षांची मुलगी, सुकन्या, मुखेडजवळ सासू-सासऱ्यांकडे असते, हे मला माहीत नव्हतं. सासरे म्हणाले होते म्हणे, यंदाच्या येळवसीला ये, नवऱ्याच्या, वैजनाथच्या जोडीनं पूजेला बस, जेवणं झाली की पोरीला नांदेडच्या शाळेत घालायचं ठरवू. आधी दोन वर्षं ती येते म्हणून गेली नव्हती. यंदा लतानं चार्ट बदलला आणि तिला तिसऱ्यांदा ‘जमत नाही’ असं कळवावं लागलं. सासरे म्हणाले, बरं, पूजेला धाकटी सून बसंल. पोरगी हितंच राहील.

‘देविकाताईनं आपनहून पाळी सोडली, आसं लता मॅडमनी उज्वलाताईला सांगितलं होतं. खरं काय ते त्यांना चोवीस तारखेला कळलं,’ धम्मदीप म्हणाला, ‘लता मॅडमच्या खोलीत जाऊन भांडल्या. देविकाताईची रजा परत करवून घेतली. पन टाइम गेला होता मावशी. सासरा म्हनला, आता नगं येऊ. रजा हातात घिऊन देविकाताई खोलीवर बसून हायत.’

मी फोन या कानावरून त्या कानाला लावला. त्याला वाटलं मी रडत असेन, म्हणून त्यानं समजूत काढली. ‘उज्वलाताई नाताळला खूश होत्या, मावशी. तुमाला फोन करून आल्या तवा डोळे लाल होते, पन मंग नर्सिंग स्टेशनवर चांदणी लावली, समद्यांना केक दिला. काउंटरचाच होता. त्याच दिशी एका आजोबाची श्वासाची नळी काढली, ते बोलाया लागले. तवा तर नाचल्याच.’

नाचलीस. बरं झालं.

हे सगळं मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी लताला फोन केला नसता. पण कुणी सांगितलं नाही. (तू विचारलं नाहीस, असं म्हणशील. म्हण.)

येळवस परवा, सोमवारी आहे. काय करायचं ते मी बघते. तू मध्ये पडू नकोस. खुलाशाची मुदत ५ जानेवारीपर्यंत वाढवत आहे.

आई


लातूर
मंगळवार, ३१ डिसेंबर २०२४

चि. उज्वला, सलाम.

काल मी मुखेडला जाऊन आले. अहमदपूरला गाडी बदलली. लातूरच्या स्टँडवर कुत्रंसुद्धा नव्हतं, गाडीत मी, कंडक्टर आणि कोंबडी घेतलेला एक म्हातारा. मुखेडहून पुढे सहा किलोमीटर रिक्षा. धम्मदीपकडून गावाचं नाव घेतलं होतं.

शेत सापडायला वेळ लागला नाही, कारण गावातली सगळी माणसं शेतातच होती. कडब्याची खोपटीसारखी कोप, आत पाच पांडव म्हणून चुन्यानं रंगवलेले पाच दगड, समोर आंबिलीचं मडकं. शेषेराव, म्हणजे देविकाचे सासरे, बांधावरूनच ओरडले.

‘या, या बाई! कुण्या गावच्या?’

‘लातूरच्या.’

‘मंग उनात काहून हुब्या? बसा की. गुना, पत्रावळ मांड!’

‘मला देविकाबद्दल बोलायचं आहे. मी निवृत्त मेट्रन...’

‘आधी जेवा. जेवल्याबिगर येळवसीला कुनी कुनाशी बोलत न्हाई.’

त्यांच्या मंडळी, गुणाबाई, माझ्या गळ्यातल्या क्रूसाकडे बघत होत्या. शेवटी धीर करून म्हणाल्या, ‘बाई, आमची भज्जी तुमाला चालंल नव्हं?’

‘गुणाबाई, भज्जीला धर्म नसतो. मीठ असतं. तेवढं बरोबर पडलंय.’

त्या तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की वाढायचं राहून गेलं. बाजरीचे उंडे, भज्जी, गव्हाची खीर, सगळं दोनदा वाढलं. नको म्हणायची सोय नव्हती.

सुकन्या माझ्या समोर येऊन बसली. ओठावर आंबिलीच्या पांढऱ्या मिशा. ‘तुमी सुई टोचता?’

‘टोचायची. आता नाही. आता नुसतं बोलते.’

‘ते बी टोचतच आसंल,’ गुणाबाई म्हणाल्या. बाई हुशार आहे.

मग पोरीनं विचारलं, ‘आई कवा येती?’ तिथं एवढी माणसं होती, तिनं मला विचारलं. जणू चार्ट माझ्याच हातात आहे. मी तिच्या मिशा पुसल्या.

पूजेला धाकटी सून तिच्या नवऱ्याच्या जोडीनं बसली होती, वैजनाथ बाजूला उभा. वैजनाथ चांगला मुलगा वाटला, पण बापापुढे तोंड उघडत नाही. गुणाबाईंचं म्हणणं वेगळंच. ‘म्या न्हाई म्हनत न्हाई बाई. न्यावं पोरीला. पन ही ड्यूटीवर, हा शेतात. साळंतून आल्यावर तिला बघनार कोन?’ प्रश्न चुकीचा नाही.

जेवणं झाल्यावर मी शेषेरावांशी बोलले. दवाखान्याची बाजू त्यांना नीट समजावून सांगितली. त्यांनी मान डोलावली. शब्द न् शब्द इथे लिहीत बसत नाही, पत्र लांबेल. येताना त्यांनी हरभऱ्याचा ढाळा बांधून दिला, गुणाबाई रस्त्यापर्यंत पोचवायला आल्या. तेव्हा या विषयावर आता पडदा टाकायला हरकत नाही.

तुझ्या वाटणीचा केक अजून डब्यात आहे. वर्ष संपतंय. चार तारखेला येणार होतीस, ते कायम आहे ना? कळव.

तुझी,
आई


लातूर
गुरुवार, ९ जानेवारी २०२५

चि. उज्वला, सलाम.

चार तारखेला तू आली नाहीस. सोमवारी तुझं पत्र आलं. चार ओळी. मला पाठ झाल्या आहेत.

‘आई, तू मुखेडला जाऊन सांगितलंस की पेशंट फार होते. देविकानं त्यांना खरं सांगितलं होतं, रजा काढून घेतली, मग परत मिळाली. आता सासरे म्हणतात, एवढी मोठी बाई कशाला खोटं बोलेल, सूनच खोटी. कृपा करून आता काही दुरुस्त करू नकोस.’

मिशनच्या शाळेत सिस्टर आम्हाला कबुली कशी द्यायची ते शिकवायच्या. दुसऱ्याचं पाप सांगायचं नाही, आणि ‘पण’ म्हणायचं नाही. मागच्या तिन्ही पत्रांच्या कार्बन प्रती माझ्याकडे आहेत. काल त्या काढून लाल पेननं रेघा मारायला बसले. दुसऱ्या पत्राचं पान नापास मुलीच्या पेपरासारखं दिसायला लागलं तेव्हा पेन खाली ठेवलं. म्हणून हे पत्र पुन्हा पहिल्यापासून, शिकवलं होतं तसं.

शेषेरावांनी मला विचारलं होतं, ‘तुमी मोठ्या बाई हाव. खरं सांगा, सुट्टी न्हाई म्हनून ती आली न्हाई, का तिला यायचंच नव्हतं?’

माझं वाक्य तयार होतं. ‘तिची रजा मी काढून घेतली.’ अहमदपूरपासून मुखेडपर्यंत मनात चार वेळा म्हणून पाहिलं होतं. तेवढ्यात गुणाबाई माझी पत्रावळ उचलायला वाकल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, ‘देवमानूस हाय बाई. सुनंसाठी एवढ्या लांबून आली.’ सगळे माझ्याकडे बघत होते. वैजनाथ, धाकटी सून, शेजारच्या शेतातली माणसं. मी म्हणाले, ‘पेशंट फार होते यंदा.’

मला आणखी अर्धा तास देवमाणूस राहायचं होतं. दुसरं काही कारण नाही. मी शोधून पाहिलं.

पोर समोर बसली होती.

आता दुसरी गोष्ट. ती सव्वीस वर्षं जुनी आहे.

१९९८ च्या नाताळला मला रजा मिळाली नव्हती असं मी तुला सांगितलं, पुढेही सांगत आले, आणि परवाच्या पहिल्या पत्रात पुन्हा लिहिलं. रजा मिळाली होती. मेट्रनबाईंच्या सहीचा कागद माझ्या कपाटात होता. तू नऊ वर्षांची होतीस. तुझे बाबा जाऊन सहा वर्षं झाली होती, तू उदगीरला माझ्या आईकडे, अव्वाकडे वाढत होतीस आणि त्या सालात आपण तिसऱ्यांदा भेटणार होतो. चोवीस तारखेला अव्वा तुला घेऊन क्वार्टरवर आली. त्याच दुपारी दवाखान्यात कळलं, दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईहून मोठे साहेब वॉर्ड पाहायला येणार. मला कुणी थांब म्हणालं नव्हतं. मी स्वतः जाऊन रजेचा कागद परत दिला. साहेब माझा वॉर्ड पाहतील तेव्हा तिथे मी उभी असावी, एवढंच मनात होतं.

घरी येऊन म्हणाले, रजा रद्द झाली. अव्वानं माझ्याकडे नुसतं पाहिलं. माझी आई शिवम्मा भोळी नव्हती.

पंचवीसला अकराच्या सुमारास तू वॉर्डाच्या दारात आलीस. पिवळा फ्रॉक, नवे बूट, एकटी, क्वार्टरवरून चालत. साहेब दोन खाटा पलीकडे होते. मी आयाला खूण केली, पोरीला बाहेर ने. तू मला हाक मारली नाहीस. आयाचा हात धरून गेलीस. साहेब वॉर्डात सात मिनिटं होते. मला नाव विचारलं नाही.

संध्याकाळी तू मला विचारलंस, ‘आई, साहेब खूश झाले?’

मी हो म्हणाले.

रजा खिशात असताना कामावर जाणाऱ्याला घर नको असतं, हे मी तुला लिहिलं. ते वाक्य माझं आहे, माझ्याचबद्दल आहे, आणि मी ते तुझ्या अंगावर टाकलं. तू देविकाची रजा तिला परत द्यायला गेली होतीस. माझ्या मुलीनं माझा नियम पाळला, मी तो मोडला, आणि मी तुझ्याकडे खुलासा मागितला.

काल तीन रजिस्टर पत्रं टाकली. पावत्या बायबलमध्ये आहेत. पहिलं शेषेरावांना. ‘तुमची सून खरं बोलली. तिची रजा मी माझ्या ओळखीवर काढून घेतली. तुमच्या शेतात, तुमचं अन्न खाऊन, मी खोटं बोलले.’ त्यांना वाचायला त्रास होऊ नये म्हणून मोठ्या अक्षरात लिहिलं आहे. दुसरं देविकाला. तिसरं लताला, की माझा शब्द मोडायला तिनं शिकावं. त्या पत्रांनी मुखेडला काय होईल मला माहीत नाही. शेषेराव कागद फाडतील, किंवा गावात वाचून दाखवतील. दोन्ही चालेल.

तू लिहिलंस, काही दुरुस्त करू नकोस. त्यामुळे पुढचं मी केलेलं नाही, फक्त विचारते आहे. कुणालाही फोन केलेला नाही. लताला नाही, मुखेडला नाही, धम्मदीपलाही नाही.

शाळा जूनमध्ये सुरू होते. शाळेतून आल्यावर पोरीला बघणार कोण, हा गुणाबाईंचा प्रश्न अजून तसाच आहे. मी बघू शकते. मला दुपारची झोप लागत नाही, गुडघा एकच दुखतो, आणि पाढे अजून तीसपर्यंत येतात. देविकाची खोली तुझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे असं तू मागे म्हणाली होतीस. मला नांदेडला राहावं लागेल, म्हणजे तुझ्या घरात राहावं लागेल. म्हणून आधी तुला विचारते. तू हो म्हणालीस तर देविकाला विचार, आणि तिला नको असेल तर तिथेच थांब. तिची मुलगी आहे. मी पूर्वी न विचारता पुष्कळांचं भलं केलं आहे.

यात माझा स्वार्थ आहे तोही लिहिते. तू ड्यूटीवरून घरी येशील तेव्हा मी तिथे असेन. येत्या डिसेंबरात तुझी पाळी असो की देविकाची, तू थकून आलीस तरी नाताळ घरात असेल, पंचवीसला नाही तर सव्वीसला. मुलीला सांभाळणं हे प्रायश्चित्त आहे की मला हवं ते मिळवायची आणखी एक युक्ती, हे मी मुखेडहून आल्यापासून विचार करूनही ठरवू शकले नाही. तू मला ओळखतेस. तू ठरव.

उत्तर लेखी हवं. फोनवर तू ‘बघू’ म्हणशील, आणि त्या एका शब्दावर मी जूनपर्यंत बॅग भरून बसेन. ‘ये’ किंवा ‘येऊ नकोस’, दोन्हींतलं एक, तुझ्या अक्षरात, खाली तुझी सही. ‘येऊ नकोस’ आलं तर मी येणार नाही आणि कारण विचारणार नाही. शनिवार, २५ जानेवारी, संध्याकाळी पाचच्या आत ते पत्र माझ्या हातात पडलं पाहिजे. आमच्या गल्लीत पोस्टमन चारला येतो. मी तीनपासून दारात असेन.

आई